१९२० चा पहिला मोसम: व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एनएफएल (नॅशनल फुटबॉल लीग) ही अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग आज जगातल्या सर्वांत श्रीमंत क्रीडासंघटनांपैकी एक आहे. तिचा पहिला मोसम मात्र इतका विस्कळीत होता की त्याविषयी वाचताना आजचे नियम, आजचा गुणतक्ता आणि आजची शिस्त मनातून बाजूला ठेवावी लागते. वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणाऱ्या बहुतेक शंका हे न केल्यामुळेच निर्माण होतात, असे दिसते. म्हणून त्या शंका एकत्र करून, मूलभूत प्रश्नांपासून अवघड प्रश्नांकडे, या क्रमाने येथे उत्तरे दिली आहेत. एकाच गोष्टीचा संबंध दोन ठिकाणी आला असेल, तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. १९२० च्या मोसमाला 'पहिला मोसम' का म्हणतात?

आजची एनएफएल ज्या संघटनेतून वाढली, ती १९२० च्या ऑगस्ट आणि सप्टेंबर महिन्यांत ओहायो राज्यातील कँटन या शहरात स्थापन झाली आणि त्याच वर्षी तिच्या सदस्य संघांनी आपला पहिला मोसम खेळला. संघटनेचे तेव्हाचे नाव 'अमेरिकन प्रोफेशनल फुटबॉल असोसिएशन' असे होते. नाव केव्हा बदलले ते प्रश्न १६ मध्ये दिले आहे. कँटन हे नाव वाचून काहींना चीनमधील त्या नावाचे बंदर आठवते, पण येथील कँटन हे अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील, पोलाद आणि यंत्रांच्या कारखान्यांचे गाव आहे. हा मोसम पहिला आहे तो लीगचा. पैसे घेऊन खेळण्याची प्रथा त्याहून बरीच जुनी होती (प्रश्न ३).

२. तेव्हाचा सामना आजच्या अमेरिकन फुटबॉलसारखाच असे का?

सांगाडा तोच होता. अकरा-अकरा खेळाडू, शंभर यार्डांचे मैदान, दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न, टचडाउनला (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेण्याला) ६ गुण, फील्ड गोलला (चेंडू लाथेने गोलखांबांमधून घालण्याला) ३ गुण आणि टचडाउननंतरच्या किकला १ गुण, हे सर्व तेव्हाही होते. सामना पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार भागांचा असे.

फरक होता तो खेळाच्या चालीत. पुढे पास फेकायचा असेल, तर फेकणाऱ्याने ज्या रेषेवरून खेळ सुरू होतो तिच्या किमान पाच यार्ड मागे उभे राहावे, असे बंधन होते आणि चेंडूही आजच्यापेक्षा फुगीर असल्यामुळे तो लांब आणि नेमका फेकणे कठीण जाई. त्यामुळे संघ धावून पुढे सरकत आणि अडचण दिसली की चौथ्या प्रयत्नाची वाटही न पाहता चेंडू लांब लाथाडून प्रतिस्पर्ध्याला मागे ढकलत. चढाईला आणि बचावाला वेगवेगळे खेळाडू नसत. तेच अकरा जण दोन्ही कामे करत. चामड्याचे शिरस्त्राण मिळत असे, पण ते सक्तीचे नव्हते आणि अनेक जण उघड्या डोक्यानेच खेळत. पावसाने मैदानाचा चिखल झाला की दोन चांगल्या संघांचा सामना ०-० असा संपण्यात कोणालाच नवल वाटत नसे. पुढे प्रश्न १२ मध्ये अशा दोन ०-० सामन्यांवरच सर्व वाद येऊन थांबतो, म्हणून हे येथे सविस्तर सांगितले.

३. १९२० च्या आधी व्यावसायिक फुटबॉल नव्हते का?

होते, आणि चांगले रुजलेले होते. १२ नोव्हेंबर १८९२ रोजी पिट्सबर्ग परिसरातील एका सामन्यासाठी ॲलेगेनी ॲथलेटिक असोसिएशनने येल विद्यापीठाचे माजी खेळाडू विल्यम 'पज' हेफलफिंगर यांना ५०० डॉलर दिले. पैसे घेऊन खेळल्याची ही पहिली सिद्ध झालेली नोंद मानली जाते. १९०२ मध्ये पेनसिल्व्हेनियात 'नॅशनल फुटबॉल लीग' याच नावाने एक अल्पजीवी संघटनाही निघाली होती, पण तिचा आजच्या एनएफएलशी संबंध नाही. त्यानंतर या खेळाचे केंद्र ओहायोकडे सरकले. कँटन आणि मॅसिलन ही दोन शेजारगावे एकमेकांवर मात करण्यासाठी देशभरातून खेळाडू आणू लागली. १९१५ मध्ये कँटनने जिम थॉर्प यांना सामन्यामागे २५० डॉलर देऊन बोलावले, तेव्हा हा खेळ गावोगावच्या हौसेपुरता राहिला नाही.

४. मग लीग काढण्याची गरज का भासली?

तीन दुखणी होती आणि ती एकमेकांत गुंतलेली होती. पहिले दुखणे पैशाचे. प्रत्येक संघचालक शेजाऱ्याच्या खेळाडूला जास्त रक्कम देऊ करत असल्यामुळे मानधन तिकीटविक्रीच्या मानाने फारच वाढले होते. दुसरे निष्ठेचे. करार नावापुरते असल्यामुळे एखादा खेळाडू या रविवारी एका संघाकडून, तर पुढच्या रविवारी त्याच्याच प्रतिस्पर्ध्याकडून खेळताना दिसे आणि प्रेक्षकांचा विश्वास उडत असे. तिसरे दुखणे महाविद्यालयांचे. शिक्षण चालू असलेले विद्यार्थी खोट्या नावाने रविवारी पैशासाठी खेळत आणि त्यामुळे विद्यापीठांचे प्रशिक्षक, वृत्तपत्रे आणि प्रतिष्ठित मंडळी व्यावसायिक फुटबॉलकडे तुच्छतेने पाहत.

एकट्या संघाने सभ्यपणे वागायचे ठरवले, तर तो हरण्याचीच शक्यता जास्त. सर्वांनी एकदम थांबायचे ठरवले, तरच त्याचा उपयोग होता. एकमेकांचे खेळाडू पळवायचे नाहीत, शिक्षण पूर्ण न झालेल्यांना घ्यायचे नाही आणि सामने ठरवताना सहकार्य करायचे, हा स्थापनेमागचा हेतू होता. तो पहिल्या वर्षी कितपत पाळला गेला, हे प्रश्न १३ आणि १४ वाचल्यावर कळेल.

५. लीग मोटारींच्या दुकानात स्थापन झाली ही दंतकथा की सत्य? आणि दोन वेगवेगळ्या तारखा का दिल्या जातात?

ते सत्य आहे. कँटन बुलडॉग्ज या संघाचे चालक राल्फ हेय हे हपमोबील आणि जॉर्डन मोटारींचे विक्रेते होते आणि दोन्ही बैठका त्यांच्याकडेच झाल्या. २० ऑगस्ट १९२० च्या बैठकीला ॲक्रन, कँटन, क्लीव्हलँड आणि डेटन या ओहायोतील चार संघांचेच प्रतिनिधी होते. तेथे संघटनेची कल्पना मान्य झाली आणि तिला 'कॉन्फरन्स' असे तात्पुरते नाव मिळाले. १७ सप्टेंबरच्या बैठकीला इलिनॉय, इंडियाना आणि न्यूयॉर्क या राज्यांतील संघही आले, 'असोसिएशन' हे नाव ठरले आणि पदाधिकारी निवडले गेले. लीगचा वाढदिवस म्हणून बहुधा १७ सप्टेंबरच धरला जातो. ओहायोपुरती असलेली गोष्ट त्या दिवशी अनेक राज्यांची झाली, हे पाहता ते योग्यच वाटते.

त्या सायंकाळचे चित्र डिकेटर संघाचे जॉर्ज हॅलस (प्रश्न ११) यांनी पुढे सांगितले. दालन चार मोटारी मावतील एवढे, खुर्च्या मोजक्या, त्यामुळे ते स्वतः एका मोटारीच्या पायफळीवर बसले होते. संघटनेचे सदस्यत्व शंभर डॉलर ठरले, पण प्रत्यक्षात कोणीही पैसे दिले नाहीत, असेही त्यांनीच सांगितले आहे. वृत्तपत्रांच्या दृष्टीने ही बातमी किरकोळ होती. त्याच दिवशी कँटनने 'फॅट्स' या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या पीट हेन्री या बलदंड टॅकलला (पुढच्या रांगेतल्या खेळाडूला) करारबद्ध केले होते आणि गावच्या 'रिपॉझिटरी' या दैनिकात ठळक मथळा मिळाला तो हेन्रींना. लीगच्या स्थापनेची बातमी आतल्या पानावर गेली.

६. जिम थॉर्प त्या वेळी खेळत होते ना? मग ते अध्यक्ष कसे?

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. थॉर्प यांनी १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डिकॅथलॉन या दोन्ही स्पर्धा जिंकल्या होत्या आणि सॅक अँड फॉक्स या मूलनिवासी समाजातले हे खेळाडू तेव्हा अमेरिकेतील सर्वांत प्रसिद्ध क्रीडापटूंपैकी एक होते. नव्या संघटनेला ओळख हवी होती आणि थॉर्प यांच्या नावाइतकी ओळख कोणाकडेच नव्हती, म्हणून त्यांना अध्यक्ष निवडले गेले. उपाध्यक्ष क्लीव्हलँडचे स्टॅन कोफॉल आणि चिटणीस-खजिनदार ॲक्रनचे आर्ट रॅनी झाले. थॉर्प मोसमभर कँटनचे खेळाडू आणि प्रशिक्षक म्हणूनच वावरले. कार्यालयीन कामकाजात त्यांनी फारसे लक्ष घातले नाही, आणि त्यांच्याकडून तशी अपेक्षा होती असेही दिसत नाही. पुढच्या वसंतात त्यांच्या जागी कोलंबस संघाचे चालक जोसेफ कार (प्रश्न ११) आले.

७. संघ नक्की किती होते? कुठे दहा, कुठे अकरा, तर कुठे चौदा असे आकडे दिसतात.

तिन्ही आकड्यांना आधार आहे. ते वेगवेगळ्या क्षणांचे आहेत. १७ सप्टेंबरच्या बैठकीत ॲक्रन, कँटन, क्लीव्हलँड, डेटन, डिकेटर, हॅमंड, मन्सी, रेसिन कार्डिनल्स, रॉचेस्टर आणि रॉक आयलंड असे दहा संघ सहभागी झाले. त्यात मॅसिलनचेही नाव घेतले गेले, म्हणून काही जण अकरा म्हणतात. पण मॅसिलनने १९२० पुरती माघार घेतल्याची नोंद त्याच बैठकीच्या इतिवृत्तात आहे आणि तो संघ एकही सामना खेळला नाही. पुढे मोसमाच्या ओघात बफेलो, कोलंबस, डेट्रॉइट आणि शिकागो टायगर्स हे चार संघ जोडले गेले. दहा आणि चार मिळून चौदा, आणि मोसमाविषयी बोलताना हाच आकडा वापरावा.

या चौदांचे वजन सारखे नव्हते. मन्सी फ्लायर्स हा संघ लीगमधला एकच सामना खेळला आणि तो ४५-० असा हरला.

८. रेसिन कार्डिनल्स हा विस्कॉन्सिन राज्यातील रेसिनचा संघ होता का?

नाही. विस्कॉन्सिनमध्ये रेसिन नावाचे शहर आहे हे खरे आणि बैठकीच्या इतिवृत्तातही हाच घोटाळा झालेला आहे, पण हा संघ शिकागोच्या दक्षिण भागातील रेसिन ॲव्हेन्यू या रस्त्यावरून ओळखला जाई. 'कार्डिनल्स' या नावाची गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे. संघाचे चालक ख्रिस ओब्रायन यांनी १९०१ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या संघाने वापरून टाकलेल्या जर्सी विकत आणल्या. विद्यापीठाचा रंग गडद तपकिरी-लाल, पण धुऊन धुऊन तो विटलेला. 'हा कसला तो रंग, हा तर कार्डिनल लाल' अशा अर्थाचे काही ते बोलले आणि तेच नाव संघाला चिकटले. आजही हा संघ त्याच नावाने खेळतो (प्रश्न १७).

९. लीगमधला पहिला सामना कोणता?

प्रश्न कसा विचारला आहे यावर उत्तर ठरते. लीगचा सदस्य असलेला संघ प्रथम मैदानात उतरला तो २६ सप्टेंबर १९२० रोजी. त्या दिवशी रॉक आयलंड इंडिपेंडंट्सने डग्लस पार्कवर सेंट पॉल आयडियल्सचा ४८-० असा पराभव केला. सेंट पॉल हा संघ मात्र लीगबाहेरचा होता. दोन्ही संघ सदस्य असलेले पहिले सामने एका आठवड्याने, ३ ऑक्टोबरला झाले. डेटनमधील ट्रँगल पार्कवर डेटन ट्रँगल्सने कोलंबस पॅनहँडल्सला १४-० असे हरवले आणि त्याच दिवशी रॉक आयलंडने मन्सीला ४५-० असे हरवले. यांतला डेटनचा सामना बहुधा 'पहिला' म्हणून सांगितला जातो आणि त्यात डेटनच्या लू पार्टलो यांनी केलेला टचडाउन लीगच्या इतिहासातला पहिला मानण्याची प्रथा आहे.

१०. वेळापत्रक कोण ठरवत असे? संघांच्या सामन्यांची संख्या इतकी कमी-जास्त का?

मध्यवर्ती वेळापत्रक नव्हतेच. प्रत्येक संघाचा चालक पत्राने किंवा तारेने दुसऱ्याशी बोलून पुढचा सामना ठरवी आणि पाऊस, प्रवासखर्च किंवा गल्ल्याची चिंता यांमुळे ठरलेला सामना रद्दही होई. लीगबाहेरच्या संघांशी खेळायला मनाई नव्हती आणि ते सामनेही संघाच्या नोंदीत धरले जात. डिकेटर स्टेलीजने मोसमात जे दहा विजय मिळवले, त्यांतले पाच लीगबाहेरच्या संघांविरुद्धचे होते. त्यामुळे १९२० चा गुणतक्ता पाहताना, त्यात सर्व सामने धरले आहेत की केवळ सदस्य संघांमधले, हे आधी पाहावे. दोन ठिकाणचे आकडे जुळत नसतील, तर बहुतेक वेळा कारण हेच असते.

११. हे खेळाडू पोटापाण्यासाठी केवळ फुटबॉलवर अवलंबून होते का?

फार थोडे. बहुतेकांची आठवडाभराची नोकरी वेगळी असे आणि काही संघ तर कारखान्यांच्याच पोटी जन्मले होते. डिकेटर स्टेलीज हा ए. ई. स्टेली यांच्या स्टार्च कारखान्याचा संघ होता. १९२० मध्ये कंपनीने जॉर्ज हॅलस यांना नोकरी देऊन संघ उभा करायला सांगितले आणि खेळाडू कारखान्यात काम करत खेळू लागले. डेटन ट्रँगल्स हे नाव त्या गावातल्या तीन कारखान्यांच्या त्रिकोणावरून आले होते.

या सर्वांत कोलंबस पॅनहँडल्सची हकिकत मनाला अधिक भिडते. पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या कार्यशाळेत काम करणाऱ्या कामगारांचा हा संघ जोसेफ कार चालवत. संघाचा कणा होते नेसर बंधू, बॉयलरच्या कामावरचे धिप्पाड गडी. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत कार्यशाळेच्या आवारातच सराव चाले, शनिवारी काम आटोपून रेल्वेच्या मोफत पासावर प्रवास होई आणि रविवारी परगावी सामना खेळून सोमवारी सकाळी हीच मंडळी पुन्हा हातोडा घेऊन हजर असत. प्रवासखर्च नसल्यामुळे हा संघ जवळजवळ सर्व सामने दुसऱ्यांच्या मैदानावर खेळे. बंधूंपैकी अल नेसर मात्र १९२० मध्ये ॲक्रनकडून खेळले. मोसमाच्या निकालात पॅनहँडल्सचे स्थान खालचे आहे, पण लीगची पुढची घडी ज्यांनी बसवली ते कार याच संघाच्या हिशेबवहीतून शिकले, हे विसरता येत नाही.

१२. अजिंक्यपद ॲक्रनला का मिळाले? डिकेटरचे विजय तर जास्त होते.

सर्वाधिक पत्रे याच प्रश्नाची येतात. अंतिम सामना नव्हता, बाद फेरी नव्हती आणि अजिंक्यपद कसे ठरवायचे याचा मोसमाआधी केलेला नियमही नव्हता. मोसमाअखेर तीन संघ दावेदार होते. ॲक्रन प्रोज: ८ विजय, ३ बरोबरी, पराभव एकही नाही. डिकेटर स्टेलीज: १० विजय, १ पराभव, २ बरोबरी. बफेलो ऑल-अमेरिकन्स: ९ विजय, १ पराभव, १ बरोबरी.

ॲक्रनची खरी ताकद बचावात होती. संपूर्ण मोसमात त्यांनी १५१ गुण केले आणि केवळ ७ दिले. ते सातही एकाच सामन्यात, ७ नोव्हेंबरला क्लीव्हलँडशी झालेल्या ७-७ बरोबरीत. थॉर्प यांच्या कँटनला त्यांनी दोनदा हरवले, १०-० आणि ७-०. डिसेंबरमध्ये दोन्ही दावेदारांशी त्यांच्याच राज्यात जाऊन खेळायची वेळ आली. ५ डिसेंबरला बफेलोशी ०-० आणि १२ डिसेंबरला शिकागोच्या कब्ज पार्कवर, सुमारे बारा हजार प्रेक्षकांसमोर, डिकेटरशी ०-०. बफेलोच्या बाबतीत एक गोष्ट सांगायलाच हवी. ते आदल्याच दिवशी, ४ डिसेंबरला, न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर कँटनला ७-३ असे हरवून आले होते. रात्रीच्या प्रवासानंतर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच अकरा-बारा जण, तोच थकवा, आणि समोर वर्षभर अपराजित असलेला संघ. अशा स्थितीत राखलेली बरोबरी लहान मानता येणार नाही.

डिकेटर आणि बफेलो दोघांनीही स्वतःला अजिंक्य म्हणवून घेतले. अखेर ३० एप्रिल १९२१ रोजी ॲक्रनमध्ये झालेल्या बैठकीत संघचालकांनी मतदान केले आणि अजिंक्यपद ॲक्रनला दिले. बरोबरीचे सामने हिशेबात न धरण्याची तेव्हाची रीत पाहता हा निर्णय सुसंगत होता: ॲक्रनची टक्केवारी पूर्ण शंभर, डिकेटरची अकरापैकी दहा, म्हणजे सुमारे ९१, आणि बफेलोची दहापैकी नऊ, म्हणजे ९०.

आजचा नियम लावला तर? १९७२ पासून एनएफएल बरोबरीला अर्धा विजय आणि अर्धा पराभव मानते. तसे केले, तर ॲक्रन आणि बफेलो या दोघांच्याही खात्यात अकरा सामन्यांत साडेनऊ विजय जमा होतात, म्हणजे दोघे अगदी एकाच पायरीवर येतात, आणि डिकेटर तेरा सामन्यांत अकरा विजयांसह त्यांच्या किंचित मागे राहतो. बफेलोच्या बाजूने बोलणाऱ्यांचा हा आवडता मुद्दा आहे. तो गणिताने बरोबर असला, तरी १९२० चे संघ १९७२ चा नियम डोळ्यांसमोर ठेवून खेळत नव्हते. ज्या रीतीने सर्वांनी मोसम खेळला, त्याच रीतीने तो मोजावा आणि तसा मोजला, तर एकही सामना न हरलेला संघ अजिंक्य ठरणे मला न्याय्य वाटते.

१३. मोसमात खेळाडूची विक्री झाली होती असे वाचले. ते कसे?

ॲक्रनचे बॉब नॅश हे डिसेंबरमध्ये बफेलोकडे गेले. व्यवहार ३०० डॉलर आणि गल्ल्यातील पाच टक्के वाटा असा ठरला आणि तो बफेलोशी झालेल्या सामन्याच्या वेळीच झाला. लीगच्या सदस्य संघांमध्ये झालेला हा पहिला खेळाडू-व्यवहार मानला जातो. अजिंक्यपदासाठी झगडणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला आपला खेळाडू विकणे आज अकल्पनीय वाटेल, पण गल्ल्याच्या पाच टक्क्यांवर प्रवासखर्च निघणार की नाही याची चिंता करणाऱ्या चालकाच्या नजरेने पाहिले, तर त्यातला व्यवहार समजतो.

१४. एकच खेळाडू एकाच मोसमात दोन सदस्य संघांकडून कसा खेळला? नियम होता ना?

प्रश्न पॅडी ड्रिस्कॉल यांच्याविषयी आहे. ते कार्डिनल्सचे प्रमुख खेळाडू होते, तरीही १२ डिसेंबरला ॲक्रनविरुद्धच्या निर्णायक सामन्यात ते डिकेटरकडून उतरले. दुसऱ्याचे खेळाडू घ्यायचे नाहीत, हा ठराव चारच महिन्यांपूर्वी झाला होता आणि तो मोडणाऱ्यांत सप्टेंबरच्या स्थापनेच्या बैठकीला हजर असलेले हॅलसच होते. ठराव मोडल्यास काय करायचे हे ठरलेले नव्हते, त्यामुळे शिक्षाही झाली नाही. याच अनुभवामुळे १९२१ मध्ये कार यांनी करार आणि खेळाडूंची मालकी या गोष्टींवर आधी हात घातला. ड्रिस्कॉल असूनही सामना बरोबरीतच राहिला.

शिकागोशी जोडलेली आणखी एक कथा येथेच उरकतो. 'कार्डिनल्स आणि शिकागो टायगर्स यांच्यात हरणाऱ्याने शहर सोडायचे असे ठरले होते, आणि ड्रिस्कॉल यांच्या टचडाउनमुळे टायगर्सना जावे लागले,' असे सांगितले जाते. ७ नोव्हेंबरचा तो सामना कार्डिनल्सने ६-३ असा जिंकला हे खरे. पण टायगर्स त्यानंतरही त्याच मोसमात कँटन आणि डिकेटरशी खेळले. मोसमानंतर त्यांचा संघ बंद पडला, म्हणून ही कथा मागाहून रंगली असावी.

१५. त्या मोसमात कृष्णवर्णीय खेळाडू होते का?

होते. ॲक्रनचे फ्रिट्झ पोलार्ड आणि रॉक आयलंडचे बॉबी मार्शल हे दोघे पहिल्याच मोसमात खेळले. ब्राउन विद्यापीठाकडून १९१६ च्या रोझ बोल या महाविद्यालयीन सामन्यात खेळलेले पोलार्ड ठेंगणे, चपळ आणि धावताना अचानक दिशा बदलणारे होते. ॲक्रनच्या अजिंक्यपदात त्यांचा वाटा मोठा होता.

त्यांना जे सोसावे लागले तेही त्याच मोसमाचा भाग आहे. स्वतःच्याच गावातील सामन्यांसाठी त्यांना इतरांबरोबर कपडे बदलू दिले जात नसत. संघाचे एक चालक फ्रँक नीड यांच्या सिगारच्या जागेत ते तयार होत. मैदानात ते खाली पडले की प्रतिस्पर्धी शिट्टीनंतरही अंगावर उड्या घेत. यावर पोलार्ड यांनी उपाय शोधला होता: पडताक्षणी पाठीवर वळायचे आणि बुटांचे खिळे वर करून पाय हवेत झाडत राहायचे, म्हणजे कोणी अंगावर झेपावणार नाही. हे दृश्य डोळ्यांसमोर आणले की १५१ आणि ७ या आकड्यांमागे काय होते ते कळते. १९२१ मध्ये ते ॲक्रनचे सहप्रशिक्षक झाले, म्हणजे लीगमधले पहिले कृष्णवर्णीय प्रशिक्षक. पुढे १९३४ ते १९४५ या काळात मात्र एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. ही दारे १९४६ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सने केनी वॉशिंग्टन आणि वूडी स्ट्रोड यांना घेतले तेव्हा पुन्हा उघडली. पोलार्ड यांना प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम या थोर खेळाडूंच्या सन्मानदालनात स्थान मिळाले ते २००५ मध्ये, त्यांच्या निधनानंतर जवळजवळ दोन दशकांनी.

१६. 'एनएफएल' हे नाव केव्हा मिळाले?

२४ जून १९२२ रोजी. तोवर, म्हणजे १९२० आणि १९२१ हे दोन मोसम, असोसिएशनच्या नावाने झाले. तरीही एनएफएल ते दोन्ही मोसम स्वतःच्या इतिहासातच धरते.

१७. त्या चौदा संघांपैकी आज किती उरले?

दोन. डिकेटर स्टेलीज १९२१ मध्ये शिकागोला गेले. स्टेली यांनी आणखी एक वर्ष कंपनीचे नाव राखण्यासाठी हॅलस यांना ५,००० डॉलर दिले आणि १९२२ पासून तो संघ शिकागो बेअर्स झाला. कार्डिनल्स शिकागोहून सेंट लुइसला, तेथून ॲरिझोनाला गेले. ग्रीन बे पॅकर्सचे नाव अनेक जण यात घालतात, पण तो संघ १९१९ मध्ये निघालेला असला, तरी लीगमध्ये १९२१ साली आला. ॲक्रनचा अजिंक्य संघ त्याच दशकात बंद पडला.

१८. अजिंक्यपदाचा करंडक आज कुठे आहे? आणि जुन्या यादीत १९२० चा विजेता 'अनिर्णित' असे का लिहिलेले सापडते?

करंडक हरवला आहे. ब्रन्सविक-बाल्क कोलेंडर कंपनीने चांदीचा करंडक दिला होता आणि जो संघ तीनदा अजिंक्य होईल त्याने तो कायमचा ठेवायचा, असे ठरले होते. ॲक्रनला दिल्यानंतर तो पुन्हा कोणालाही दिला गेला नाही. ॲक्रनच्या खेळाडूंना घड्याळाच्या साखळीत अडकवायचे फुटबॉलच्या आकाराचे सोन्याचे पदकही मिळाले होते.

'अनिर्णित' या नोंदीचे कारण त्याहून साधे आहे. १९२१ मधले ते मतदान लीगच्याच कार्यालयाला विसरायला झाले. १९२० मध्ये अधिकृत गुणतक्ता ठेवला जात नव्हता आणि खेळाडूंची अधिकृत आकडेवारी तर १९३२ पासूनच सुरू झाली. त्यामुळे लीगची प्रकाशने कित्येक वर्षे पहिल्या मोसमाला विजेता नाही असेच छापत राहिली आणि १९७० च्या दशकात जुन्या बैठकीची नोंद पुढे आल्यावर ॲक्रनचे नाव यादीत बसले. तोपर्यंत त्या संघातील बहुतेकांची हयात संपत आली होती. म्हणून जुने छापील संदर्भ वापरताना प्रकाशनाचे वर्ष पाहून घ्यावे.

१९. त्या मोसमाशी संबंधित जागा आज पाहता येतात का?

येतात. ओहायोत राहणाऱ्या किंवा तिकडे नातेवाइकांकडे जाणाऱ्या वाचकांसाठी कँटनमधील प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम हे पहिले ठिकाण. ते १९६३ मध्ये उघडले आणि लीगचा जन्म तेथे झाला म्हणूनच ते त्या गावाला मिळाले. हेय यांचे दुकान मात्र आता उभे नाही. डेटनमध्ये ट्रँगल पार्कवरची खेळाडूंची कपडे बदलण्याची खोली कॅरिलॉन हिस्टॉरिकल पार्कमध्ये हलवून जतन केली आहे. लहानशी इमारत आहे. ३ ऑक्टोबर १९२० च्या दुपारी डेटनचे खेळाडू तिच्यातूनच मैदानात उतरले होते.